परसांतल्या बारा कोंबड्या

निवृत्त झाल्यावर घरबसल्या कांहीं उद्योग करावा, परसांत थोडी मोकळी जागा आहे, तेव्हां अंड्यांसाठीं कोंबड्या पाळल्या तर कसें काय, असा प्रश्न ओळखीचीं माणसें मला वरचेवर विचारतात. विचारणारांत मुंबईसारख्या शहरांत राहणारीं, परंतु गांवीं अद्याप घर व वाडी राखून असलेलीं सुशिक्षित कुटुंबें पुष्कळ असतात. या प्रश्नाला एका शब्दाचें उत्तर नाहीं. मीं स्वतः अकरा वर्षें हा उद्योग केला आहे. त्यांत मला बरे पैसे मिळाले, एकदां जबर ठोकर बसली, आणि एक गोष्ट अशी घडली कीं ती चारचौघांत सांगतांना अजून संकोच वाटतो. ती गोष्टहि मी आज सांगणार आहें. कारण ती वगळली, तर बाकीची माहिती कोणत्याहि पुस्तकांत मिळण्यासारखीच आहे.

आमचें गांव पाम. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या रोखानें निघालें, म्हणजे थोड्याच वेळांत तें लागतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीं आम्ही ठाणें जिल्ह्याचे रहिवासी होतों. एका अंगाला १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें अणुविद्युत् केंद्र, दुसऱ्या अंगाला कारखान्यांची औद्योगिक वसाहत, आणि मध्यें भातशेतें, वाड्या व पाडे, असा हा मुलूख आहे. नोकरीनिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेलीं कुटुंबें येथील इमारतींत राहतात. अंडीं खाणारीं माणसें त्या इमारतींत आणि कोंबड्या चरण्याजोगी जमीन आमच्या परसांत, असा हा योग आहे. येथें कोंबड्या पाळणें म्हणजे घरांत टांकसाळच घालणें, असें कोणालाहि प्रथमदर्शनीं वाटेल. मलाहि तसेंच वाटलें होतें.

लग्न होऊन मी या घरांत आलें, तेव्हां सासूबाईंच्या चार-पांच गांवठी कोंबड्या होत्या. सकाळीं डालें उचललें कीं त्या वाडींत पांगत आणि दिवेलागणीला आपल्या पायांनीं परत येत. विकतचा दाणा त्यांना ठाऊक नव्हता. भात सडल्यावर उरलेली कणी व कोंडा, ताटांतलें खरकटें, उकिरड्यांतले किडे, पावसाच्या तोंडीं बाहेर पडणारी वाळवी, यांवर त्यांचें पोट भरे. दहाबारा अंडीं घातलीं कीं कोंबडी खुडूक होऊन बसे. सासूबाई तिच्याखालीं अंडीं मांडीत, एकविसाव्या दिवशीं पिल्लें निघत, आणि त्यांतलीं निम्मीं घार व मुंगूस नेत. वर्षाकाठीं एका कोंबडीचीं पन्नास-साठ अंडीं होत. कांहीं घरांत लागत, कांहीं विकलीं जात, आणि आलेले पैसे एका पत्र्याच्या डब्यांत पडत. त्या डब्याचा हिशेब घरांतल्या पुरुषांनीं कधीं विचारला नाहीं आणि सासूबाईंनीं कधीं सांगितला नाहीं. माझ्या पहिल्या बाळंतपणांत दवाखान्याचें बिल त्याच डब्यांतून भागलें, हें मला फार उशिरां कळलें.

आमच्या कुंपणापलीकडे वारली कुटुंबांचा पाडा आहे. तेथील एक बाई आवणीला आणि कापणीला आमच्याकडे येते. तिच्याहि दारांत अशाच चार-पांच कोंबड्या असतात. मूल तापानें फणफणलें, शाळेचे पैसे भरायचे झाले, कीं त्यांतली एक कमी होते. बँकेंत आतां तिचें खातें आहे; परंतु रात्रीं दहा वाजतां उघडणारी बँक तिच्या दारांतलीच. हीं दोन घरें मीं आरंभींच सांगितलीं, कारण पुढें जो हिशेब मी मांडणार आहें, तो या दोन्ही बायकांना न शिकतां येत होता आणि मला मात्र तो शाळेंत तीस वर्षें गणित शिकवूनहि येत नव्हता.

नोकरी संपल्यावर मीं प्रथम बारा कोंबड्या आणल्या. त्या गांवठी नव्हत्या, आणि मोठ्या कारखानदारींत पिंजऱ्यांत ठेवतात त्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्याहि नव्हत्या. लेगहॉर्न वर्षाला तीनशेंच्या घरांत अंडीं देते हें खरें. परंतु तिला मोजूनमापून खाणें लागतें, आणि उघड्या परसांत आपला जीव राखण्याची हुशारी तिच्यांत कमी असते. परसासाठीं शास्त्रज्ञांनीं निराळ्या जाती सिद्ध केल्या आहेत. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया या दोन जाती आणि बंगळूरची गिरिराजा ही त्यांतलीं ठळक नांवें. वनराजा मांस व अंडीं दोहोंसाठीं आहे. परसांत ती वर्षाला शंभर-एकशेंदहा अंडीं देते. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची. नीट राखली तर तिचीं एकशेंसाठ ते एकशेंऐशीं अंडीं होतात. अंडें तपकिरी असतें. मीं ग्रामप्रिया निवडली.

नवशिक्यानें एक दिवसाचीं पिल्लें आणण्याच्या फंदांत पडूं नये. पहिल्या आठवड्यांत त्यांना सुमारें पस्तीस अंश सेल्सियस इतकी ऊब लागते. ती दर आठवड्याला थोडीथोडी कमी करीत न्यावी लागते, आणि एका रात्रीं वीज गेली तर सकाळीं निम्मीं पिल्लें एकावर एक चेंगरून मेलेलीं सांपडतात. त्यापेक्षां उबेंतून बाहेर आलेलीं, सहा आठवड्यांचीं पिल्लें थोडे अधिक पैसे देऊन घ्यावीं. मुंबईस आरे दूध वसाहतींत केंद्र शासनाची कुक्कुटविकास संस्था आहे, पुण्याजवळ खडकीस राज्य शासनाचें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, आणि आमच्या जिल्ह्यांत डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषि विज्ञान केंद्र आहे. अशा ठिकाणीं चौकशी करावी. रस्त्यावर टोपलींत रंगविलेलीं पिल्लें विकणाराकडे करूं नये. तीं बहुधा नर असतात, आणि नराची अंड्याच्या धंद्याला कांहींच गरज नाहीं. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडें घालते. त्यांतून पिल्लूं निघत नाहीं, इतकेंच.

खुराड्याविषयीं थोडक्यांत सांगतें. रात्रींच्या निवाऱ्याला कोंबडीमागें दीड-दोन चौरस फूट जागा पुरे. खुराडें जमिनीपासून दोन हात उंच, खांबांवर असावें. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूस भिंत किंवा झांप आणि बाकीच्या बाजूंस बारीक जाळी असावी. मुंगूस दोन बोटांच्या फटींतून आंत शिरतें. खालीं भाताच्या तुसाची चार बोटें जाड गादी घालावी आणि ती दर दोन दिवसांनीं वरखालीं करावी. आमच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यांत कोंबडीचा खरा शत्रु थंडी नसून ओल आहे. तूस ओलें राहिलें कीं तरुण पक्ष्यांना रक्ती हगवण लागलीच म्हणून समजावें.

खाण्याच्या बाबतींत आमच्या किनाऱ्याला निसर्गानें भरभरून दिलें आहे. गिरणींतून कोंडा आणि कणी मिळते. सातपाटी, तारापूर, चिंचणी या बाजूला सुका जवळा मिळतो. तो थोडासा मिसळला म्हणजे मांसवर्धक द्रव्याची उणीव भरून निघते. मात्र मीठ लावलेली मासळी घालूं नये. जास्त मीठ कोंबडीला विषासारखें बाधतें. जवळाहि हात राखून घालावा, नाहीं तर अंड्यालाच मासळीचा वास येतो. शेवग्याचा पाला वाडींत असतोच. आणि शिंपले तर समुद्रावर वेंचावे तितके.

शिंपल्यांचें महत्त्व मला अंड्याची घडण समजून घेतल्यावर पटलें. बलक सुटल्यापासून अंडें बाहेर पडेपर्यंत चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यांतले सुमारें वीस तास एकट्या कवचाच्या घडणींत जातात. त्या एका कवचांत दोन ग्रॅमांहून अधिक चुना असतो. खाण्यांतून तो मिळाला नाहीं तर कोंबडी तो आपल्या हाडांतून काढून देते, आणि शेवटीं पायांतून जाते. म्हणून शिंपले धुऊन, वाळवून, कुटून एका थाळींत निराळेच ठेवावेत. जिला हवे ती खाते, नको ती खात नाहीं. याबाबतींत कोंबडी आपल्यापेक्षां शहाणी आहे. दुसरी गोष्ट उजेडाची. भरपूर अंड्यांसाठीं चौदा ते सोळा तास उजेड हवा. डिसेंबरांत आमच्याकडे दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडीं घटतात. खुराड्यांत एक लहान दिवा पहांटे तीन तास लावला तर फरक दिसतो. मी मात्र तो लावीत नाहीं. कोंबडीनेंहि वर्षांतून महिना-दीड महिना विसांवा घ्यावा, असें मला वाटतें.

श्रोतेहो, आतां हिशेबाकडे वळूं. मोठी कोंबडी दिवसाला सुमारें एकशेंपंधरा ग्रॅम खाते. ग्रामप्रियेचें वर्षाला एकशेंऐशीं अंड्यांचें मान धरलें, तर दोन दिवसांना एक अंडें येतें. म्हणजे एका अंड्यामागें दोनशेंतीस ग्रॅम खाणें झालें. विकतचें खाद्य किलोला तीस रुपये धरा. एका अंड्याला केवळ खाद्यच सात रुपयांचें लागलें. कारखान्यांतील लेगहॉर्न तेवढ्याच खाण्यावर वर्षाला तीनशेंहून अधिक अंडीं देते. तिच्या अंड्याला एकशेंतीस-पस्तीस ग्रॅम, म्हणजे चार रुपयांचें खाद्य पुरतें. शिवाय तिचा मालक तें घाऊक भावानें घेतो. हा धंदा आज केवढा वाढला आहे! २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें देशांत पंच्याऐशीं कोटींहून अधिक कोंबड्या व तत्सम पक्षी होते. त्यांपैकीं परसांतले सुमारें साडेएकतीस कोटी. बाकीच्या सर्व व्यापारी कोंबड्या. पूर्वीं अंड्याचा भाव व्यापारी ठरवीत. तो उत्पादकांनीं आपण ठरवावा म्हणून डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन झाली, आणि अंडें हें घरोघरचें खाद्य झालें. त्या धंद्याशीं परसांतल्या कोंबडीनें भावाची झुंज घेतली, तर ती हरणार हें गणितांतच लिहिलेलें आहे.

मग परसांतली कोंबडी तगते कशी? तिचें निम्में पोट विकतच्या खाद्याशिवाय भरतें म्हणून. बारा कोंबड्यांना दिवसाला सुमारें एक किलो चारशें ग्रॅम खाणें लागतें. त्यांतलें निम्में आमच्या घरचें खरकटें, कोंडा, कणी, वाडींतलें गवत, किडे आणि वाळवी यांतून निघतें. त्याबरोबर अंड्याचा खाद्यखर्च सातांवरून साडेतिनांवर येतो आणि हातांत चार पैसे राहतात. ही सारी कमाई खरकट्याची आणि वाडीची आहे. आणि एका घराचें खरकटें बारा-पंधरा कोंबड्यांनाच पुरतें. सासूबाईंनीं पांचांवर सहावी कोंबडी कधीं वाढूं दिली नाहीं, याचें मर्म हेंच होतें.

मला तें समजलें नाहीं. वसाहतींतलीं चौदा घरें माझ्याकडून अंडीं घेत. 'घरचीं' अंडीं म्हणून दुकानाच्या दुप्पट भाव आनंदानें देत, आणि आणखी घरें मागत होतीं. पांचव्या वर्षीं जानेवारींत मीं आणखी अठ्ठेचाळीस तलंगा आणल्या. यजमान म्हणाले, "बारांचें गणित साठांना लागू पडेल कशावरून?" मीं त्यांना बारांची वही दाखविली. अठ्ठेचाळीस तोंडांना दिवसाला साडेपांच किलो खाद्य लागे आणि तें सर्वच्या सर्व विकत. जूनअखेर त्या अंड्यावर आल्या, दिवसाला तीसच्या आसपास अंडीं येऊं लागलीं, आणि चार आठवडे मी अगदीं हवेंत होतें. मग श्रावण लागला. निम्म्या घरांनीं महिनाभर अंडीं बंद केलीं. कोंबडी श्रावण पाळीत नाहीं. सांचलेलीं अंडीं मीं बाजारांत दुकानाच्याहि भावाखालीं देऊन टाकलीं. वहींत त्या महिन्याला प्रथमच तोटा लिहिला.

भाद्रपदांत याहून मोठें संकट आलें. एका सकाळीं तीन तलंगा मान वांकडी करून पडलेल्या दिसल्या; हिरवट पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास घेणें चालू होतें. याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कुमाऊंतील राणीखेत गांवावरून राणीखेत रोग असेंहि नांव आहे. यावर उपाय नाहीं, प्रतिबंध आहे. पहिल्या आठवड्यांत एक लस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखालीं टोंचण्याची दुसरी. माझ्या तलंगांना पहिली लस मिळाली होती. दुसरी घरांतल्या लग्नाच्या गडबडींत राहिली. पुढच्या आठवड्यांत देऊं, असें म्हणतां म्हणतां आवणी आली आणि तीहि उरकली. आठ दिवसांत साठांपैकीं त्रेचाळीस कोंबड्या गेल्या. जुन्या बारांपैकीं मात्र एकहि दगावली नाहीं. त्यांना लस टोंचलेली होती.

याच आठवड्यांत कुंपणापलीकडच्या त्या बाईच्या पांचहि कोंबड्या मेल्या. रोग माझ्या खुराड्यांतून गेला, यांत मला शंका नाहीं. कोंबड्या एकाच वाडींत चरत होत्या. ती मला एक शब्दहि बोलली नाहीं. मेलेल्या कोंबड्या पुरायला तिनेंच खड्डा खणला, आणि वर चुना टाकतांना एवढेंच विचारलें, "बाई, आतां मी काय विकूं?" त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

आणि आतां ती संकोचाची गोष्ट. चौदा घरांना अंडीं द्यावयाचीं होतीं. उरलेल्या कोंबड्या दिवसाला तीन-चार अंडीं देत. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनें मीं बाजारांतून व्यापारी कोंबड्यांचीं तपकिरी अंडीं आणलीं आणि आपल्या टोपलींत घालून, आपल्या भावानें, घरोघर दिलीं. मनाची समजूत घातली कीं चार दिवसांचाच प्रश्न आहे. त्या चार दिवसांचे पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशीं एका घरच्या वृद्ध गृहस्थांनीं दारांतच मला थांबवून सांगितलें, "तुमच्या अंड्यांची चव कांहीं औरच. दुकानचें अंडें आतां घशाखालीं उतरत नाहीं."

त्या दिवशीं घरीं येईपर्यंत माझी पावलें जड झालीं होतीं. कोणालाहि फरक कळला नव्हता. कोणी तक्रार केली असती तर मीं सबब सांगितली असती; पण स्तुतीला सबब सांगतां येत नाहीं. मग पांच वर्षें या लोकांनीं दुप्पट भाव दिला तो कशासाठीं? चवीसाठीं म्हणावें, तर ती दुकानच्या अंड्यालाहि आली. तो भाव त्यांनीं माझ्या सांगण्यासाठीं दिला होता. कोंबडी माझी आहे, माझ्या डोळ्यांपुढें चरते, अंडें कालचें आहे, या तीन वाक्यांची ती किंमत होती. आणि पंधरा दिवस मीं नेमका तोच माल दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं चौदाहि घरीं जाऊन मीं खरी हकीकत सांगितली आणि जास्त घेतलेले पैसे परत केले. चार घरांनीं अंडीं बंद केलीं, आणि तीं बरोबरच वागलीं. दहा राहिलीं. त्या वृद्ध गृहस्थांनीं पैसे घेतले, मोजले, आणि म्हणाले, "कोंबड्या देतील तितकींच आणीत जा. नसलीं तर नाहीं म्हणून सांगा." माझ्या धंद्याचा नियम तेव्हांपासून हाच आहे.

गिऱ्हाइकाला खरें सांगायचें ठरविल्यावर अंड्याविषयींहि खरेंच सांगावें लागतें. 'गांवठी' अंडें म्हणजे औषध, अशी शहरांत समजूत आहे. वास्तविक कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. तपकिरी अंडें पांढऱ्याहून पौष्टिक नसतें. बलकाचा गडद रंग पाल्याचा आणि मक्याचा असतो. मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीच्या बलकांत कांहीं द्रव्यें थोडीं अधिक आढळतात. परंतु बेताच्या आकाराच्या अंड्यांतलीं सुमारें सहा ग्रॅम प्रथिनें दोन्हीकडे तींच. उलट गांवठी अंडें पसतीस-चाळीस ग्रॅमांचें आणि व्यापारी अंडें पन्नास-पंचावन्नचें, म्हणजे वजनानें घेणारा पहिल्यांत तोट्यांतच राहतो. हें मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आधींच सांगतें. ऐकून कांहीं परत जातात. जे राहतात ते ताजेपणासाठीं, आणि कोंबडी कशी वाढली हें ठाऊक असावें यासाठीं राहतात. प्रत्येक अंड्यावर मी शिसपेन्सिलीनें तारीख घालतें. अंडीं धूत नाहीं. धुतल्यानें कवचावरचें संरक्षक आवरण जातें. आपल्या घरीं शंका आली तर अंडें पाण्यांत सोडून पाहावें. ताजें तळाशीं आडवें बसतें, जुनें उभें राहतें, आणि तरंगणारें टाकून द्यावें.

लसीविषयीं एक व्यवहाराची अडचण आहे. मानमोडीच्या दुसऱ्या लसीची कुपी साधारणतः शंभर पक्ष्यांची येते, ती बर्फांत आणावी लागते आणि एकदां कालविली कीं तासा-दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांचा मालक म्हणून ती टाळतो, आणि पांच कोंबड्यांची मालकीण तर आणीतच नाहीं. आम्हीं यावर असा उपाय काढला आहे. ठरलेल्या दिवशीं सकाळीं आमच्या आळींतल्या आणि पाड्यांतल्या सर्व कोंबड्या डालीं उचलण्यापूर्वींच टोंचून घेतो. पशुवैद्यकीय दवाखान्याचे लोक येतात, कुपी एकच फुटते, खर्च वांटून घेतों. पाड्याचा वांटा मी देतें. तो उपकार नव्हे. कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या कोंबड्या निरोगी असल्याशिवाय माझी निरोगी राहत नाहीं.

तसेंच बर्ड फ्लूचें. भारतांत तो कोंबड्यांत प्रथम आढळला तो २००६ च्या फेब्रुवारींत नवापूर येथें. आमच्या तारापूरजवळ समुद्रकांठींहि नवापूर नांवाचें गांव आहे, म्हणून येथें पुष्कळांचा गैरसमज होतो. तें नवापूर नंदुरबार जिल्ह्यांतलें. २०२१ च्या जानेवारींत परभणीजवळ मुरुंबा येथें तो पुन्हां दिसला. पुष्कळ कोंबड्या एकाएकीं मेल्या तर त्या लपवूं नयेत, विकूं नयेत, आणि उरलेल्या घाईनें कापणाराला देऊं नयेत. माझ्या त्या आठवड्यांत एक व्यापारी राहिलेल्या सतरांना भाव द्यायला दारांत उभा होता. मीं त्याला नाहीं म्हटलें, एवढी एक गोष्ट त्या वर्षीं माझ्या हातून बरी झाली. दवाखान्यास ताबडतोब कळवावें. आणि खाणारांनीं अंडें व मांस पूर्ण शिजवून खावें, म्हणजे भीति उरत नाहीं.

पुढच्या वर्षीं मीं आणलेल्या पिल्लांतलीं सहा त्या बाईला दिलीं. तिनें तीं घेतलीं, पण म्हणाली, "हीं तुझीं अंडीं देतील, पण खुडूक बसायचीं नाहींत. मग पुढचीं पिल्लें कोण काढील?" तिचें म्हणणें अगदीं शास्त्रशुद्ध होतें. सुधारलेल्या जातींत खुडूक होण्याची प्रवृत्ति काढूनच अंडीं वाढविलीं आहेत. म्हणून त्यांचीं पिल्लें पुन्हां पुन्हां विकत आणावीं लागतात. तिनें कोठूनसें दोन गांवठी कोंबड्या मिळवून त्यांत सोडल्या. आतां तिच्या दारांत दोन्ही आहेत, एक अंड्यांसाठीं आणि एक वंशासाठीं, आणि तिचें पाहून मींहि माझ्या बारांत तीन गांवठी ठेवल्या आहेत.

तेव्हां, ज्यांच्या मनांत हा उद्योग करावयाचा आहे त्यांना माझें सांगणें एवढेंच. कोंबड्या आणण्यापूर्वीं एक वही आणा. एक महिनाभर आपल्या स्वयंपाकघरांतून आणि वाडींतून कोंबडीला घालण्याजोगें काय काय बाहेर पडतें, तें रोज तोलून लिहा. रोजच्या सरासरीला साठ ग्रॅमांनीं भागा. येईल तितक्या कोंबड्या तुमच्या. सहाशें ग्रॅम निघालें तर दहा, तीनशें निघालें तर पांच, आणि शहरांतल्या दोन खोल्यांत दीडशेंच निघालें, तर कोंबड्या न आणतां जवळपास कोणी प्रामाणिकपणें पाळीत असेल त्याच्या घरचें गिऱ्हाईक व्हा. श्रावणांत अंडीं घेणें बंद करणार असाल, तर तेंहि त्याला आषाढांतच सांगून ठेवा.